२१ दिवसांची बैठक

रिकामटेकड्या माणसाला आपण सहज विचारतो, "घरात बसून अंडी उबवतोयस का?" रवणीला बसलेली कोंबडी ज्याने जवळून पाहिली आहे, त्याच्या तोंडी हा टोमणा यायचा नाही. परसातल्या कोंबड्यांचं मला सगळंच आवडतं: पहाटेची बांग, उकिरडा उकरणं, संध्याकाळी आपणहून खुराड्याकडे वळणं. पण या साऱ्यात सर्वांत रंजक भाग म्हणजे खुडूक कोंबडीची बैठक.

ती सुरू होते आवाजातल्या बदलाने. अंडं घातल्यावर घर डोक्यावर घेणारी कोंबडी आता खालच्या पट्टीत, घशातल्या घशात बोलू लागते. पिसं फुलवते, हात जवळ नेला तर चोच मारते. शरीरात प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं आणि अंडी घालणं थांबलेलं असतं. ज्याला रोज अंडं हवं त्याला ही खोड वाटते. मग कोणी तिला पाण्यात बुडवतो, कोणी नाकात पीस खोचतो. आजी मात्र अशा कोंबडीची वाट पाहायची. पाटीत भाताचा पेंढा, पेंढ्यात खळगा, खळग्यात आठवडाभर जमवलेली १०-१२ अंडी. कोंबडी उचलून ठेवायची ती रात्रीच. अंधारात ती नवी जागा मुकाट पत्करते.

इथली पहिली खुबी अंड्यांतच आहे. एक अंडं आठ दिवसांपूर्वीचं, एक कालचं, तरी पिल्लं जवळपास एकदमच निघतात. ऊब मिळेपर्यंत आतला जीव वाढ थोपवून धरतो. कोंबडी बसते तेव्हा साऱ्यांचा पहिला दिवस एकच होतो.

आता तिच्याकडे नीट पाहा. छातीवरची पिसं विरळ झालेली असतात, म्हणजे उघडी कातडी थेट अंड्याला टेकते. मधूनच ती किंचित उठते, चोच खाली घालून कडेचं अंडं मध्ये ओढते, मधलं कडेला सारते. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो, म्हणून हे दिवसरात्र चालू. उबवणी यंत्रात साडेसदतीस अंशांच्या आसपासची ऊब आणि फिरत्या तबकांनी जे साधावं लागतं, ते ही चोच आणि कातडी साधतात. दिवसातून एकदा ती उठते. घाईने दाणा टिपते, पाणी पिते, मातीत लोळते आणि अंडी गार व्हायच्या आत परतते. तीन आठवड्यांत तिचं वजन उतरतं, तुरा फिका पडतो.

सातव्या-आठव्या रात्री आजी एकेक अंडं टॉर्चसमोर मुठीत धरायची. कवचामागे तांबड्या शिरांचं जाळं उजळायचं, मध्ये एक काळा ठिपका हलायचा. ज्यात काहीच धरलं नाही ते अंडं नुसतं पिवळसर दिसायचं, ते बाजूला.

विसाव्या दिवशी मला सर्वांत प्रिय असलेला क्षण येतो. पिल्लू अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच घुसवून पहिला श्वास घेतं आणि कवच शाबूत असतानाच चिवचिवतं. कोंबडी खालच्या पट्टीतच उत्तर देते. दोघांनी एकमेकांना अजून पाहिलेलं नसतं, ओळख झालेली असते.

अधिक अंडी देणाऱ्या आजच्या संकरित कोंबड्यांतून खुडूकपणा निवडीनेच बराचसा काढून टाकला आहे. पोटासाठी ते हवंही असेल. पण त्याबरोबर हा संवादही गेला.

एकविसाव्या दिवशी चोचीवरच्या इवल्या टोकाने कवचं फुटतात. ओली पिल्लं पंखाखाली सुकतात, पिसांतून डोकी बाहेर काढतात. त्यांना लगेच दाणा लागत नाही. बाहेर येण्याआधी पोटात ओढून घेतलेला बलक पहिले दोन दिवस पुरतो. म्हणून आईला थांबता येतं. उपाशी, हलकी झालेली, पाठीवर एक पिल्लू चढलेलं, तरी ती उठत नाही. खाली अजून एक अंडं चिवचिवत असतं.