म्हाइंभट आणि त्याचे साक्षीदार

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासास आरंभ केला म्हणजे बीड या भिक्षूचें नांव लवकरच घ्यावें लागतें. तें घेतांच आमच्या मुलांस मराठवाड्यांतील गांव आठवतें व वर्गांत थोडा हंशा पिकतो. हा बीड सातव्या वर्षीं मठांत गेला, इ. स. 731 मध्यें त्यानें इंग्रज लोकांच्या धर्मसंस्थेचा इतिहास पुरा केला, आणि 735 मध्यें त्याच मठांत देह ठेवला. मालेगांवच्या आमच्या वर्गांत एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, आपल्याकडे असा कोणी झाला नाहीं काय?" मीं म्हाइंभटाचें नांव सांगितलें; तें दोघांतिघांवांचून कोणासच ठाऊक नव्हतें. दोष मुलांचा नव्हे. इतकीं वर्षें बीडचें गुणगान करणाऱ्या माझ्यासारख्यानें म्हाइंभटास त्याच्या शेजारीं कधीं बसविलेंच नव्हतें.

म्हाइंभट हा सराळें गांवचा शास्त्रसंपन्न ब्राह्मण. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्याशीं वाद करावा या ईर्ष्येनें तो गेला आणि अखेर त्यांचा शिष्य झाला. स्वामी उत्तरापथास निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी हल्लींच्या अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध राहिले. तेथेंच नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांच्या अनुमतीनें म्हाइंभटानें स्वामींच्या आठवणी गोळा करण्याचें कार्य हातीं घेतलें. देवगिरीस रामदेवराव यादव राज्य करीत होता, तो हा काळ. तेराव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत सिद्ध झालेलें हें 'लीळाचरित्र' मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ ठरलें. पुढें गोविंदप्रभूंचें चरित्रही त्यानेंच लिहिलें.

या ग्रंथाच्या भाषेची थोरवी आजवर पुष्कळांनीं गायिली आहे. लहान लहान वाक्यें, बोलण्यांतील सहज वळणें आणि सातशें वर्षांपूर्वींचें घरगुती मराठी हे त्याचे गुण उघडच आहेत. परंतु माझ्या मतें म्हाइंभटाचा खरा मोठेपणा त्याच्या शैलीहून त्याच्या सचोटींत अधिक आहे. जी लीळा भटोबासांनीं स्वतः पाहिली ती त्यांजकडून घ्यावी. जी दुसऱ्या कोणासमोर घडली ती त्याच्याच तोंडून ऐकावी, असा त्याचा दंडक होता. त्यासाठीं तो माणसें शोधीत हिंडला. त्याच्या साक्षीदारांत पंडित होते, तशाच स्वामींच्या सेवेंत राहिलेल्या बाइसा व प्रश्नामागून प्रश्न विचारणारी महदाइसा यांसारख्या स्त्रियांच्या आठवणीही ग्रंथांत मोलाच्या ठरल्या. बीडनेंही आपल्या प्रस्तावनेंत कोणती हकीकत कोणाकडून मिळाली हें राजापुढें नांवानिशीं मांडलें आहे. परंतु त्याचे मुख्य आधार मठाधिपतींचे व धर्मपीठांच्या दप्तरांचे. म्हाइंभटाचा आधार बहुधा माणसांच्या स्मरणाचा.

येथें चोखंदळ वाचक एक आक्षेप घेईल. भक्तांनीं भक्तिभावानें सांगितलेल्या आठवणींस इतिहास कसें म्हणावें? त्यांत तिथि-मित्यांचा पत्ता नाहीं, चमत्कार तर जागोजाग आहेत. आक्षेप रास्त आहे. बीडच्या ग्रंथांतही चमत्कार आहेत. पण त्यानें कालगणना कसोशीनें सांभाळली आणि एका अख्ख्या लोकसमूहाची कथा कार्यकारणानें जुळविली. ती विशाल दृष्टि म्हाइंभटापाशीं नाहीं. पुष्कळ लीळा आज वाचतांना त्रोटक वाटतात, कांहीं कंटाळवाण्याही होतात. तथापि ज्यास तो साक्षात् परमेश्वर मानीत होता त्याच्या जेवणाखाण्याची, उठण्याबसण्याची, प्रवासांतील मुक्कामांची नोंद तो बारकाईनें ठेवितो. शिष्यांचे रुसवेफुगवे व अज्ञान तो झांकून ठेवीत नाहीं. भक्तीनें त्याचे डोळे मिटले नाहींत. उलट अधिकच उघडले.

ग्रंथाचें पुढील दैव विलक्षण आहे. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमींत नाहींशी झाली, असें पंथाची परंपरा सांगते. मग जुन्या शिष्यांच्या पाठांतरावरून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, आणि अर्थातच निरनिराळे पाठ निघाले. अशा प्रसंगीं एक पाठ खरा ठरवून बाकीचे बुडविणें सोपें असतें. या मंडळींनीं तसें केलें नाहीं. भिन्न पाठ 'वासना' व 'शोध' या नांवांखालीं, कोणाचा तो हें सांगून, त्यांनीं पोथींतच जतन केले. गुरूची शिस्त शिष्यांच्या हाडीं मुरली होती, याहून दुसरा पुरावा कशास हवा? बीडनें अखेरच्या दिवसांत योहानाच्या शुभवर्तमानाचें इंग्रजी भाषांतर चालविलें होतें, असें त्याच्या शिष्याच्या पत्रावरून कळतें. तें आज उपलब्ध नाहीं. त्याचें लॅटिन टिकलें, मायबोलींतील तें काम गेलें. म्हाइंभटाची पोथी गेली, पण मायबोली टिकली.

पंथाच्या सांकेतिक लिपींत हा ठेवा शतकानुशतकें बंदिस्त होता. विसाव्या शतकांत राजवाडे, भावे प्रभृति संशोधकांनीं महानुभाव वाङ्मयाची वाट मोकळी केली. हरि नारायण नेने यांनीं 1936 च्या सुमारास लीळाचरित्राचे भाग छापण्यास आरंभ केला आणि डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ति 1978 मध्यें निघाली. 2024 मध्यें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हां सर्वत्र आनंद झाला, मलाही झाला. परंतु अभिजातपण सरकारी ठरावानें मिळालें तरी टिकतें तें वाचनानें. सुज्ञ वाचकांनीं रात्रीं दिवाणखान्यांत चार लीळा मोठ्यानें वाचून पाहाव्या. मुलें आधीं भाषेस हंसतील, मग मध्येंच एखादा शब्द आजीच्या बोलण्यांतला निघेल आणि तीं ऐकूं लागतील. त्या विद्यार्थ्याचा प्रश्न मग वर्गापर्यंत येण्याचें कारणच उरणार नाहीं.