धबधब्यांचीं वर्णनें

पाऊस लागला कीं पुण्याहून धबधबे पाहावयास जाणाऱ्यांची रीघ लागते, आणि परत आल्यावर त्यांतील पुष्कळांस लिहावेंसें वाटतें. हिमालयांतील हिमसरोवरें पाहून येणाऱ्यांचीही आतां तीच गत आहे. असले बरेच लेख आम्हीं वाचले. त्यांत कठडा येतो, तुषार येतात, लेखकाचें भान हरपतें. पाणी कोठून आलें हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

काकासाहेब कालेलकर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे पदवीधर. १९१२ सालीं त्यांनीं हिमालयाची पायीं यात्रा केली. तिचें वर्णन १९२४ सालीं ग्रंथरूपानें निघालें, तें गुजरातींत, ह्याचें मराठी वाचकास थोडें वैषम्य वाटलें तर तें क्षम्य होय. त्यांच्या लेखनांत नदी ही नायिका आणि धबधबा हा तिच्या चरित्रांतील एक प्रसंग. पाणी दिसलें कीं हात जोडण्याची त्यांची संवय आम्हांस कित्येकदां खटकते. ‘लोकमाता’ हें नांवच पाहा ना! परंतु भक्ताला देवतेचें घराणें ठाऊक असतें. नुसत्या प्रेक्षकाला तें नसतें.

१९२७ सालीं गांधीजींनीं गिरसप्प्याचा धबधबा पाहावा म्हणून काकासाहेबांनीं आग्रह धरला. पावसाचें पाणी त्याहूनही उंचावरून पडतें, असें उत्तर मिळाल्याचें त्यांनींच नमूद केलें आहे. आम्ही ह्याला उत्तम टीका समजतों. ८३० फूट हा आंकडा लिहिल्यानें धबधबा वाचकापुढें उभा राहत नाहीं. शिवाय १९६४ सालीं शरावतीवर लिंगनमक्कीचें धरण पुरें झाल्यापासून धारेंत पाणी किती, हें पावसाइतकेंच धरणावरही अवलंबून आहे. तें वगळून केलेलें वर्णन अर्धेंच खरें.

धबधबा पाहण्याचें नाकारणाऱ्या ह्याच पुरुषाचें नांव पुढें एका हिमसरोवरास मिळालें. केदारनाथाच्या वरील चोराबारी ताल. तेथें १९४८ सालीं गांधीजींच्या अस्थींचा अंश विसर्जित झाला, म्हणून तें गांधी सरोवर. त्याचें पाणी अडवून धरणारा बांध हिमनदीनें लोटून आणलेल्या सुट्या दगडमातीचा होता. जून २०१३ मधील अतिवृष्टीनें व वितळत्या बर्फानें तळें तुडुंब भरलें, १७ तारखेस बांध फुटला आणि पाण्याचा व दगडांचा लोंढा केदारनाथावर कोसळला.

त्यानंतरच्या लेखांतही हिमसरोवर आरशासारखें निश्चलच असतें. त्याचा कांठ कशाचा आहे, हें एका ओळीनें सांगणारा लेख आम्हांस अद्याप वाचावयास मिळालेला नाहीं.