पात्राची घडण आणि वाढीचे मोल

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत, म्हणजे प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने निर्णय घेतो आणि त्या निर्णयांचे यशापयश फासे व नियम ठरवतात अशा खेळांत, पात्राचे मोल दोनदा ठरते : एकदा खेळापूर्वी पात्र रचताना, आणि नंतर प्रत्येक बैठकीत मिळणाऱ्या अनुभवाच्या मोबदल्यात त्याची कौशल्ये वाढवताना. हे दोन हिशेब जुळले नाहीत, तर सारख्याच बळावर सुरुवात केलेल्या पात्रांमध्ये अशी तफावत पडत जाते की तिचे कारण प्रत्यक्ष खेळात कोठेही सापडत नाही.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये हा पेच फारसा नव्हता, कारण सहा मूळ गुण फाशांनी ठरत आणि पुढची वाढ पात्राच्या वर्गानुसार ठराविक पायऱ्यांनी होई. मार्क मिलर यांच्या १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ने बहुतेक वाढ खेळाच्या आधीच उरकली : पात्र चार-चार वर्षांच्या नोकरीतून कौशल्ये मिळवी, आणि हाव धरून नोकरी लांबवावी तर रचना पुरी होण्यापूर्वीच ते मरण्याचा धोका असे. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने कौशल्ये टक्केवारीत मांडली, यशस्वीपणे वापरलेल्या कौशल्यापुढे खूण करायची आणि मोहिमेनंतर फाशांवर चालू टक्केवारीहून मोठे दान पडले तरच ते वाढवायचे, अशा या नियमाने मुरलेल्याची प्रगती आपोआप मंदावे. तो नियम आजही मोहक वाटतो. मात्र केवळ खुणा मिळवण्यासाठी गरज नसताना शस्त्रे बदलण्याची सवयही त्यानेच लावली.

खरी गफलत पॉइंट खर्चून पात्र घडवण्याच्या पद्धतीत झाली, आणि तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९९१ चा ‘व्हँपायर : द मास्करेड’. तेथे रचनेच्या शेवटी हाती येणाऱ्या मुक्त पॉइंटांत कौशल्याची कोणतीही पायरी, पहिली असो वा पाचवी, २ पॉइंटांना मिळते. खेळ सुरू झाल्यावर मात्र नव्या कौशल्याला ३ अनुभव-पॉइंट पडतात आणि पुढच्या प्रत्येक पायरीला चालू पातळीच्या दुप्पट. एका खेळाडूने ४ मुक्त पॉइंटांत एक कौशल्य तिसऱ्या पायरीवरून पाचव्यावर नेले आणि दोन नवी कौशल्ये नंतर घेतली, तर त्याला ६ अनुभव-पॉइंट लागतात. दुसऱ्याने तेवढ्याच मुक्त पॉइंटांत ती दोन कौशल्ये आधी घेतली, तर तीच पाचवी पायरी गाठण्यासाठी त्याला १४ मोजावे लागतात. दोन्ही पात्रे अखेर तंतोतंत सारखी, तरीही चौफेर जाण असलेले माणूस उभे करू पाहणाऱ्याला ८ पॉइंटांचा दंड बसतो, आणि हा अन्याय नियमपुस्तकात कोठेही उघडपणे लिहिलेला नसतो.

२००० सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीत हाच दोष वेगळ्या रूपात आला : पहिल्या पातळीचे कौशल्य-पॉइंट चौपट मिळत असल्याने आधी चोर आणि मग लढवय्या झालेले पात्र उलट क्रमाने घडलेल्या पात्राहून कौशल्यांत कायमचे वरचढ राही. २००९ च्या ‘पाथफाइंडर’ने ही चौपट काढून टाकली. स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’मध्ये कौशल्यांचे दर दोन्ही टप्प्यांवर एकच होते, पण तिसऱ्या आवृत्तीत मूळ गुण खेळादरम्यान वाढवायला दुप्पट खर्च येई, २००४ च्या चौथ्या आवृत्तीने ती विषमताही संपवली. ‘व्हँपायर’च्या पुढच्या पिढीतील ‘क्रॉनिकल्स ऑफ डार्कनेस’ने २०१३ नंतर खेळातील दरही सपाट केले. त्याने हिशेब जुळला, पण चौथीवरून पाचवीवर जाणे पहिली पायरी चढण्याइतकेच सोपे झाले आणि प्रावीण्याच्या चढणीचा अर्थ हरवला. दोन्ही टप्प्यांवर एकच चढता दर, हाच अधिक प्रामाणिक मार्ग आहे, आणि त्यासाठी रचनेच्या वेळी थोडे जास्त गणित करावे लागत असेल तर ते करावे.

जॉन हार्पर यांच्या २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ने गणित टाळून मर्यादा घातली : सुरुवातीला कोणतीही ‘कृती’, म्हणजे तेथले कौशल्य, दुसऱ्या पायरीपलीकडे जात नाही, त्यामुळे स्वस्तात शिखर गाठण्याची वाटच बंद होते. शिवाय तेथे बिकट परिस्थितीत फासे टाकणाऱ्याला दान फसले तरी अनुभवाची खूण मिळते. ‘रूनक्वेस्ट’ यशाची नोंद ठेवत होता, येथे पत्करलेल्या धोक्याची ठेवली जाते.