'दाहदर्शक' की 'शोथसूचक'? मधुमेही नेत्रविकाराच्या परिभाषेची चिकित्सा

मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारा विकार आणि रक्तातील काही घटकांचे प्रमाण यांच्या संबंधाचा अभ्यास आज वैद्यकात होत आहे. मराठीत तो मांडताना 'इन्फ्लमेशन'साठी 'दाह' आणि 'मार्कर'साठी 'दर्शक' हे रूढ पर्याय घेतले, की 'दाहदर्शक' हा समास सहज सिद्ध होतो. तो सुटसुटीत आहे. परंतु त्याची दोन्ही पदे अर्थदृष्ट्या सदोष आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम 'दाह' या पदाचा विचार करू. मूळ लॅटिन शब्दात पेटण्याचा अर्थ आहे. पहिल्या शतकातील सेल्ससने लाली, सूज, उष्णता व वेदना ही त्याची चार लक्षणे सांगितली. 'दाह' हा त्या धात्वर्थाचा अनुवाद होय, संकल्पनेचा नव्हे. आपल्या वैद्यकपरंपरेत दाह म्हणजे रुग्णाला जाणवणारी आग. सुजेला तेथे शोथ हा स्वतंत्र शब्द आहे. बोलीतही हाच भेद आहे. लोणारच्या परिसरात, वऱ्हाडी वळणाने 'डोया' म्हणणाऱ्या माणसाला दाह म्हटले की डोळ्यांची आगच आठवणार. प्रत्यक्षात या विकारात सूक्ष्म रक्तवाहिन्यांना पांढऱ्या पेशी चिकटतात, त्यांच्या भिंती दुबळ्या होतात, त्यांना बारीक फुगवटे येतात आणि द्रव पाझरतो. यातले काहीही दुखत नाही, जळत नाही; आरंभी दृष्टीही मंदावत नाही. ज्याला 'दाह' सांगितला, तो आग शोधतो आणि ती न सापडल्याने निश्चिंत राहतो. येथे शब्दाचा दोष दृष्टीवर बेततो.

दुसरे पद 'दर्शक'. 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन' हा घटक टिलेट व फ्रान्सिस यांना १९३० साली आढळला, तो फुप्फुसाच्या विकाराच्या रुग्णांच्या रक्तात. तो यकृतात तयार होतो. हिरड्यांचा विकार, जंतुसंसर्ग, स्थूलता, धूम्रपान अशा अनेक कारणांनी वाढतो. न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या पेशींच्या संख्यांचे गुणोत्तर तर साध्या रक्ततपासणीतून निघते. नेत्रविकार असलेल्यांच्या गटात अशा प्रमाणांची सरासरी अधिक असल्याचे काही अभ्यासांत दिसले. सर्वांचे निष्कर्ष मात्र सारखे नाहीत. शिवाय गटाची सरासरी एका रुग्णाचा निर्णय करीत नाही. नैयायिक ज्याला अनैकांतिक हेतू म्हणतात, तोच हा प्रकार : साध्य नसतानाही हेतू आढळतो. अशा हेतूला 'दर्शक' म्हणणे म्हणजे त्याला प्रत्यक्षाचा मान देणे होय.

सूचन आणि सिद्धी यांतील अंतर लोणारकरांना नव्याने सांगावयास नको. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे येथील वर्तुळाकार विवर ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला. बेसॉल्टच्या प्रदेशातील गोल आकार दोन्ही कारणांचे सूचन करीत होता. निर्णायक ठरला तो तेथील खडकांत आढळलेला, प्रचंड आघाताने बनणारा मास्केलिनाइट हा काचरूप पदार्थ. १९७३ साली तो पुरावा प्रसिद्ध झाला. रक्तातील वाढलेला आकडा हा त्या गोल आकारासारखा आहे. बाहुली विस्फारून केलेली दृष्टिपटलाची तपासणी हाच येथील मास्केलिनाइट.

यावर असा आक्षेप संभवतो, की पारिभाषिक शब्द संकेताने चालतो. व्याख्या दिली की धात्वर्थ गौण ठरतो. अभ्यासवर्गापुरते हे मान्य करता येईल. परंतु वैद्यकीय शब्द अहवालाबरोबर घरी जातो, तेव्हा व्याख्या मागे राहते आणि व्यवहारातला अर्थच उरतो. या संशोधनाचे मोल कमी लेखण्याचाही येथे हेतू नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागी आलेली सूज डोळ्यात स्टिरॉइड दिल्याने कमी होऊ शकते. म्हणजे ही प्रक्रिया काल्पनिक नाही. प्रश्न तिच्या नावाचा आणि त्या नावाने दिलेल्या आश्वासनाचा आहे.

म्हणून 'शोथसूचक' हा पर्याय येथे सुचविला आहे. 'शोथ' हा पंडिती शब्द असल्याने पहिल्या उल्लेखी 'सूज' हा परिचित शब्द सोबत द्यावा. तो खोटी संवेदना सुचवीत नाही आणि 'सूचक' आपली मर्यादा ओळखून असतो. तथापि केवळ शब्द बदलून भागणार नाही. असा आकडा जेथे जेथे मराठीत छापला जाईल, तेथे 'याने डोळ्यांची तपासणी चुकत नाही' हे वाक्यही छापले पाहिजे. परिभाषेची शुद्धता अखेर वाचकाच्या कृतीवरूनच ठरते.