अळंबी, पाव आणि विश्वास

ललित लेखनात निसर्गवर्णन हा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत फसवा प्रांत होय. त्यातही निसर्गाला स्वयंपाकघराची जोड मिळाली म्हणजे लेखकाची लेखणी पाघळू लागते आणि वाचकाची चिकित्सा झोपी जाते. फ्रान्सच्या ग्रामीण भागातील शरद ऋतूवर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे विपुल लेखन झाले, त्याची अशीच स्थिती आहे. पावसाने भिजलेले ओकचे रान, अळंबीने भरलेली वेताची परडी, लोण्यावर परतलेल्या लसणीचा दरवळ, भट्टीतून नुकताच निघालेला पाव, सफरचंदाचा वा आलुबुखाराचा तार्त, ही सामग्री आता इतकी ठरून गेली आहे की ती वापरण्यासाठी फ्रान्सला जाण्याचीही आवश्यकता उरलेली नाही. अशा लेखनाचे मूल्य कसे ठरवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

यासाठी निकष बाहेरून आणण्याचे कारण नाही. तो अळंबीच पुरवते. फ्रान्सच्या रानांत शरदात सेप, जिरोल आणि काळ्या कर्ण्यासारखी दिसणारी ‘मृत्यूची तुतारी’ या अळंब्या वेचल्या जातात. या शेवटचीचे नाव भयंकर, पण ती निर्विष आणि रुचकर आहे. उलट, ओकच्या सावलीत वाढणारी, फिकट हिरवट टोपीची आमानिता फालॉइडीस दिसावयास सौम्य, पण प्राणघातक आहे. तिची ओळख पटवणारी मुख्य खूण म्हणजे देठाच्या बुडाशी असलेली पिशवी, आणि ती बहुधा मातीत दडलेली असते. अळंबी सुरीने जमिनीलगत कापली तर ही खूण मातीतच राहते आणि परडीत पडते ते केवळ एक देखणे फूल. म्हणून जाणकार सांगतात की अनोळखी अळंबी बुडासकट उपटून पाहावी.

ग्रामीण फ्रान्सविषयीच्या लेखनालाही हीच परीक्षा लावता येते. लेखकाने अनुभव बुडासकट उपटला आहे, की दिसावयास बरा तेवढाच भाग कापून घेतला आहे?

या दृष्टीने पहिला विचार करावयाचा तो ज्याँ-आँरी फाब्र (१८२३–१९१५) याचा. कीटकांचा चरित्रकार म्हणून तो जगाला परिचित आहे. परंतु सेरिन्यां या गावी घालवलेल्या उत्तरायुष्यात त्याने अळंब्यांची सहाशेंहून अधिक जलरंगचित्रे काढली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आपल्या बालपणाविषयी लिहिताना तो सांगतो की, बीचच्या रानात सापडलेल्या अळंब्यांची त्याने टोपीच्या खालची बाजू पाहून तीन गटांत विभागणी केली होती : पडद्यांसारख्या पात्यांच्या, बारीक छिद्रांच्या आणि मांजराच्या जिभेसारख्या खरखरीत. पुढे पुस्तक हाती आल्यावर त्याला कळले की हे गट शास्त्रज्ञांनी आधीच पाडले असून त्यांना नावेही दिली आहेत. या प्रसंगात निराशेचा सूर कोठेही नाही. आपण एकट्याने जे पाहिले ते अनेकांच्या ज्ञानाशी जुळते, हा तो आनंद आहे. पाहणे, पडताळणे आणि मगच मोहून जाणे हा क्रम फाब्रच्या गद्यात सहसा मोडत नाही, आणि त्याच्या शैलीचे सौंदर्य या क्रमातूनच उपजले आहे.

तथापि फाब्रच्या बाबतीत टीकाकाराने डोळे मिटून चालणार नाही. अळ्या जी अळंबी खातात ती माणसानेही खावी, हा लोकसमज त्याने निरीक्षणाने खोटा ठरवला. ते योग्यच झाले. पण त्याच ओघात त्याने आपल्या गावच्या रिवाजाची भलावण केली. अळंबी मिठाच्या पाण्यात उकळावी, ते पाणी फेकून द्यावे, अळंबी धुवावी आणि मग रांधावी, म्हणजे धोका टळतो, असा तो रिवाज. काही जातींचे विष उकळण्याने कमी होते हे खरे. परंतु आमानिता फालॉइडीसचे विष उकळण्याने नष्ट होत नाही. या विषाचे रासायनिक स्वरूप उलगडू लागले ते १९३० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे फाब्रच्या मृत्यूनंतर वीसएक वर्षांनी. त्याला दोष देण्याचा येथे हेतू नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, सुंदर गद्य हे सत्याचे प्रमाणपत्र नव्हे, आणि गावाचे शहाणपण गावाचे आहे म्हणून ते निर्दोष ठरत नाही. अन्नाविषयी लिहिणाऱ्याच्या चुकीची किंमत वाचकाला देहाने मोजावी लागते. अन्य ललित लेखनावर एवढी जबाबदारी क्वचितच येते.

ही देहाची किंमत साशा गित्रीने १९३५ साली एका छोट्या कादंबरीत हसत हसत मांडली, आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर स्वतः चित्रपटही काढला. एका ठकाच्या आठवणींच्या रूपाने ती लिहिलेली आहे. बारा वर्षांचा मुलगा घरच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यातून गोट्यांसाठी आठ सू चोरतो. शिक्षा म्हणून त्याला त्या दिवशीच्या जेवणात अळंबी वाढली जात नाही. थोड्याच अवधीत घरातील अकरा माणसे विषाने मरतात आणि चोर तेवढा वाचतो. यातून मुलाने काय बोध घ्यावयाचा? गित्री नीतीची पाटी उलटी टांगतो आणि वाचकाला हसवून अडचणीत टाकतो.

गित्रीचा विनोद वरवरचा आहे, असा आक्षेप घेता येईल. प्रत्यक्षात हे विष इतके घाईचे नसते. जेवणानंतर सहा तासांपासून दिवसभरापर्यंत काहीच जाणवत नाही. मग वांत्या आणि जुलाब होतात. त्यानंतर रोग्याला उतार पडल्यासारखे वाटते. आणि त्या फसव्या विसाव्याच्या आडून यकृत निकामी होत जाते. ही गती नाटककाराला सोयीची नव्हती. परंतु अळंबीच्या पंगतीचे वर्म गित्रीने अचूक ओळखले : ताटाभोवती बसलेला प्रत्येकजण वेचणाऱ्याच्या डोळ्यांवर जीव सोपवून बसलेला असतो. ज्या लेखनात अळंबीचा केवळ सुवास असतो आणि हे सोपवणे नसते, त्याला अळंबी कळलेली नाही.

रानाकडून भट्टीकडे वळताना ज्याँ जिओनोची ‘रगँ’ (१९३०) ही कादंबरी समोर येते. कापलेल्या कुरणात दुसऱ्यांदा उगवणारे गवत, असा त्या शब्दाचा अर्थ. ओबिन्यान हे प्रोव्हान्सच्या डोंगरातील ओस पडलेले गाव. तेथे उरलेला पाँत्यूर्ल फासे लावून, शिकार करून जगतो, जवळजवळ रानटीच होत चाललेला. आर्स्यूल ही स्त्री त्याच्या घरी येते आणि मग त्याला नांगर हवासा वाटतो, गहू हवासा वाटतो. गाव सोडून गेलेला म्हातारा लोहार गोबेर त्याला नांगराचा फाळ देतो; बियाण्यासाठी त्याला दुसऱ्या शेतकऱ्याच्या दाराशी जावे लागते. एकटा माणूस शिकारीवर जगू शकेल, पाव मात्र त्याला एकट्याने करता येणार नाही, हे या कादंबरीचे मर्म. लोहार, शेजारी, बैल-घोडे, स्त्री आणि ऋतू एवढे सगळे जुळल्याशिवाय भट्टीत वडी जात नाही.

जिओनोची भाषा पुष्कळदा धाप लागेपर्यंत काव्यमय होते. वारा, माती आणि माणूस यांच्यातील सीमा तो पुसून टाकतो, आणि त्या भरात शेतकऱ्याची कर्जे, दलाल, बाजारभाव यांच्याकडे दुर्लक्ष होते. १९४० ते १९४४ या काळात विशी राजवटीने ‘मातीकडे परत’ अशी हाक दिली, तेव्हा अशा लेखनातील आशय तिला सोयीचा वाटला. लेखकाचा उद्देश तसा नसेलही. पण मातीचे गुणगान करताना मातीवरचा माणूस धूसर झाला, की ते गुणगान कोणाच्याही हाती पडू शकते, हा धडा विसरण्याजोगा नाही.

याच जिओनोच्या ‘ज्याँ ल ब्ल’ (१९३२) मधील एका कथेवरून मार्सेल पान्योलने १९३८ साली ‘ला फाम द्यु बुलांजे’, म्हणजे ‘पाववाल्याची बायको’, हा चित्रपट काढला. पाववाल्याची तरुण पत्नी एका मेंढपाळाबरोबर पळून जाते आणि त्याची भट्टी थंडावते. गावाला पाव मिळेनासा होतो. मग एकमेकांचे तोंड न पाहणारे गावकरी, पाद्री आणि शाळामास्तर यांसह, तिला शोधावयास निघतात. पोटासाठी का होईना, पण गाव एक होते. रेम्यूने केलेला पाववाला पत्नी परत आल्यावर तिला रागावत नाही, घरातल्या मांजरीला रागावतो. जिओनोत जे काव्य आहे त्याची येथे माणसे झाली आहेत. एका माणसाचे दुःख साऱ्या गावाच्या ताटात कसे उतरते, हे पान्योलने एका विझलेल्या भट्टीतून दाखवले. अर्थात त्यालाही मर्यादा आहे : परत आणल्या गेलेल्या त्या स्त्रीचे मन काय म्हणते, हे विचारावयास कोणालाच सवड नाही. गावाचा पाव सुरू झाला एवढ्यावर सारे संतुष्ट असतात.

ही भट्टी केवळ कल्पनेतील नाही. आल्प्समधील विलार-दारेन या गावी रायचे पीठ उकळत्या पाण्यात मळून केलेला पाव नोव्हेंबरात गावच्या सामाईक भट्टीत भाजण्याची प्रथा आजही पाळली जाते. पूर्वी वर्षातून एकदाच तो भाजीत आणि हिवाळाभर पुरवीत. काही महिन्यांनी वाळून कठीण झालेली वडी मोठ्या सुरीने कापावी लागे. सरपण महाग, हिवाळा लांब, म्हणून सर्वांनी एकाच वेळी भट्टी तापवावयाची. ज्याला आज उत्सव म्हणतात त्याच्या मुळाशी टंचाई होती.

अळंबीचा व्यवहार याच्या अगदी उलट. तिची जागा गुप्त ठेवावयाची, प्रसंगी सख्ख्या भावापासूनही. कायद्याने ती जमिनीच्या मालकाची. सरकारी रानांत माणशी पाच लिटरपर्यंत वेचण्यास साधारणतः हरकत घेत नाहीत. पण या गुप्ततेलाही एक सामाईक दार आहे. औषधविक्रेत्याला अळंबीशास्त्राचे शिक्षण देण्याची फ्रान्सची परंपरा आहे, आणि परडी त्याच्या फळीवर ओतून तपासून घ्यावी असा प्रघात. अळंबीचे अभ्यासक व हौशी लोक यांची संस्था १८८४ साली व्हॉज प्रांतात ल्युसियँ केले प्रभृतींनी स्थापन केली. एवढे असूनही आज फ्रान्समध्ये दरवर्षी अळंबीच्या विषबाधेची हजाराहून अधिक प्रकरणे नोंदली जातात, आणि दूरध्वनीवरील ओळख पटवणाऱ्या साधनांवर विसंबू नका, असे तेथील आरोग्यसंस्थांना बजवावे लागते. यंत्र नाव सांगेल, पण ते पंगतीला बसत नाही.

इंग्रजीत फ्रेंच खेड्यावर जे लिहिले गेले, त्याची प्रतवारीही या निकषाने लागते. एलिझाबेथ डेव्हिडचे १९६० चे प्रांतिक फ्रेंच पाकशास्त्र आणि जेन ग्रिगसनचे अळंबीवरील १९७५ चे पुस्तक ही पाककृतींची पुस्तके असूनही साहित्य आहेत. कारण पदार्थ कोठला, कोणाचा आणि कसा, याचे भान त्यांना आहे. उलट, पीटर मेलच्या १९८९ च्या प्रोव्हान्सवरील लोकप्रिय पुस्तकाने जो संप्रदाय रूढ केला, त्यात वर्षाचे बारा महिने बारा ताटांसारखे मांडले जातात. मेलचा विनोद मनमिळाऊ आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या अनुकरणकर्त्यांच्या हाती शेजारी हे केवळ गमतीचे पात्र उरते. बाहेरून आलेला रसिक त्या शेजाऱ्याकडून पाव घेतो, अळंबी घेतो, पण त्याच्यावर विसंबून आहोत याची जाणीव त्याच्या वाक्यांत उमटत नाही. देठ जमिनीलगत कापलेला असतो.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आपणां सर्वांना हा विषय वाटतो तितका परका नाही. कोकण-गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या अळंबीच्या आठवणी, आजोळचे स्वयंपाकघर, चुलीवरची भाकरी यांवर आपल्या नियतकालिकांतूनही पुष्कळ लिहिले जाते. त्यातील बरेचसे गोड असते. पण ती अळंबी कोणी ओळखली, पहाटे रानात कोण गेले, त्यांच्या हाती काय पडले, हे त्यात किती वेळा येते? दूर गेलेल्या माणसाची जीभ आठवण जपते. ज्या हातांनी भरवले ते हात जपण्यासाठी वाङ्मयाची गरज असते.

फाब्रने पाहणे शिकवले आणि पाहणाराही चुकतो हे नकळत दाखवले. गित्रीने पंगतीतील भय उघडे केले. जिओनो आणि पान्योल यांनी भट्टीमागचे गाव दाखवले, आपापल्या आंधळ्या जागांसह. या चौघांना वाचल्यानंतर शरदाचे केवळ सुवासिक वर्णन पुरेसे वाटेनासे होते. अन्नावरील लेखन म्हणजे अंतिमतः माणसाने माणसावर ठेवलेल्या विश्वासाचे लेखन होय, आणि विश्वास कोठे मोडू शकतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तो वर्णन करता येणार नाही.