कार्ल ब्रुनर: करिअर वाचायचं कसं?

पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये एखाद्या नगररचनाकाराचं 'जीवन आणि कार्य' असं प्रकरण टाकायचा मोह बहुतेकांना होतो. जन्म, शिक्षण, नेमणुका, आराखडे, मृत्यू. लिहायला सोपं, पण वाचून हाती काय लागतं? बायोडेटा. आज एक उदाहरण घेऊन बघू, की करिअर हा संशोधनाचा विषय कधी होतो आणि कधी होत नाही.

उदाहरण आहे कार्ल ब्रुनर (१८८७–१९६०) यांचं. व्हिएन्नाच्या तांत्रिक महाविद्यालयात शिकलेले ऑस्ट्रियन नगररचनाकार. १९२९ मध्ये चिली सरकारचे सल्लागार म्हणून ते सांतियागोला गेले. १९३३ मध्ये कोलंबियातल्या बोगोटानं त्यांना बोलावलं आणि पालिकेच्या नव्या नगररचना विभागाची सूत्रं त्यांच्याकडे दिली. तिथेच १९३९-४० मध्ये त्यांचं 'मानुआल दे उर्बानिस्मो' हे दोन खंडांचं पुस्तक स्पॅनिशमध्ये निघालं. १९४८ मध्ये ते परतले आणि युद्धात मोडलेल्या व्हिएन्नाच्या नियोजनाचे प्रमुख झाले.

या करिअरचं वाचन साधारण दोन पद्धतींनी होतं. पहिली पद्धत म्हणजे 'युरोपचा तज्ज्ञ लॅटिन अमेरिकेत आधुनिक नगररचना घेऊन आला.' यात ज्ञान जहाजातून उतरतं आणि स्थानिक लोक ते घेतात, एवढंच. बोगोटाच्या पालिकेनं त्यांच्याकडून काय मागितलं, काय नाकारलं, हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी पद्धत जास्त आकर्षक आहे, म्हणून जास्त सांभाळून वापरायची. १९४७ मध्ये ले कॉर्ब्युझिए बोगोटाला आले. एप्रिल १९४८ च्या दंगलीत शहराच्या मध्यभागाची मोठी हानी झाली. त्यानंतर ले कॉर्ब्युझिए यांनी संपूर्ण शहराचा आराखडा केला. या कथेत ब्रुनर म्हणजे जमिनीचा चढउतार ओळखणारे, वस्तीगणिक काम करणारे समंजस गृहस्थ, आणि समोर शहर पुसून नव्याने काढणारा आधुनिकतावाद. एक नायक, एक खलनायक. वाचायला छान वाटतं. पण ब्रुनर यांचं मोजमाप इथे त्यांच्यानंतर आलेल्या माणसाच्या पट्टीनं होतं. 'कॉर्ब्युझिएपेक्षा बरे' हा निष्कर्ष ब्रुनर यांच्याविषयी फारसं काही सांगत नाही.

मग करायचं काय? त्यांचीच एक संकल्पना धरा आणि ती गावोगाव कशी बदलली ते बघा. १९२५ मध्ये ब्रुनर यांनी 'बाउपोलिटीक' म्हणजे बांधकाम-धोरण हे शास्त्र आहे अशी मांडणी करणारं पुस्तक लिहिलं. मुद्दा असा, की शहर फक्त रेखाटून होत नाही. जमिनीचा भाव, कायदा, पैसा, घरबांधणी हे सगळं नियोजनाचाच भाग आहे. त्या काळच्या व्हिएन्नात याला आधार होता. पालिकेनं १९२३ पासून घरबांधणीसाठी वेगळा कर लावला आणि १९३४ पर्यंत ६० हजारांहून जास्त घरं बांधली. ही योजना ब्रुनर यांची नव्हे. पण धोरणाच्या हातात पैसा असला की काय होतं, हे त्यांच्या शहरात रोज दिसत होतं.

बोगोटात तसा कर नव्हता. शहराभोवतीची जमीन खाजगी मालकांकडे होती आणि तेच प्लॉट पाडून विकत होते. नगररचना विभाग त्या वाढीला वळण लावू शकत होता, ती वाढ स्वतः घडवून आणण्याची ताकद त्याच्याकडे फारशी नव्हती. ब्रुनर यांच्या तिथल्या कामाचे तुकडे दिसतात ते यामुळे, असा माझा दावा आहे. डोंगरउतारावरचं 'बोस्के इस्किएर्दो' बघा. रस्ते उताराच्या वळणानं जातात, चौकटीचं जाळं जबरदस्तीनं बसवलेलं नाही. आराखडा म्हणून ते उत्तम आहे. पण 'बाउपोलिटीक'मधला आकार बोगोटापर्यंत पोचला आणि पैशाची बाजू मागेच राहिली.

याची किंमत कोणी दिली? १९३८ मध्ये बोगोटाला ४०० वर्षं पूर्ण होत होती. त्या तयारीत पूर्वेच्या डोंगराकडेची पासेओ बोलिव्हारची गरीब वस्ती 'स्वच्छता' म्हणून हटवण्यात आली. त्याच काळात ब्रुनर यांच्या विभागातून दक्षिणेला 'सेंतेनारिओ' ही कामगारवस्ती आली, तर उत्तरेच्या बाजूला 'एल कांपीन'सारखी ऐसपैस वसाहत. वेगवेगळी पाहिली तर दोन्ही नीट आखलेली आहेत. नकाशावर शेजारी ठेवा, म्हणजे कोणाला कुठे राहायचं होतं आणि कोणाला कुठे पाठवलं गेलं ते दिसायला लागतं.

इथे त्यांचं १९२८ चं पुस्तक आठवतं, विमानातून दिसणाऱ्या शहराकडून काय शिकावं याबद्दलचं. हवाई छायाचित्रात वस्तीचा पोत आणि मोकळी जागा फार स्पष्ट दिसते. भाडेकरू कोण, मालक कोण, हे दिसत नाही. ब्रुनर यांच्या पद्धतीचं बळ आणि आंधळी जागा दोन्ही इथेच आहेत असं मला वाटतं.

आता तुमचे परीक्षक लगेच विचारतील: उत्तर-दक्षिण भेद ब्रुनर यांनी केला का? नाही. श्रीमंत लोक उत्तरेला चापिनेरोकडे सरकायला एकोणिसाव्या शतकातच लागले होते. तेव्हा 'ब्रुनर यांनी शहर दुभंगलं' असं लिहिलंत तर व्हायव्हात अडकाल. टिकणारं विधान छोटं आहे: आधीपासूनच्या भेदाला त्यांच्या विभागानं आराखड्याचं आणि सरकारी मान्यतेचं रूप दिलं. हे तपासायचं तर 'मानुआल' पुरणार नाही. पालिकेचे ठराव, जमिनीचे व्यवहार, हटवलेल्या कुटुंबांच्या नोंदी पाहाव्या लागतील. पुस्तकात तज्ज्ञ काय म्हणतो ते मिळतं, पण त्याचं किती ऐकलं गेलं ते दप्तरातच शोधावं लागतं.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये नगररचनाकार, इंजिनिअर, डॉक्टर कोणीही असो, 'त्यांनी काय केलं' या वाक्याच्या जागी हे लिहून बघा: 'त्यांची अमुक कल्पना एका जागेहून दुसऱ्या जागी गेली तेव्हा तिच्यातलं काय गळालं, आणि ते गळाल्यामुळे कोणाचं नुकसान झालं?' एका वाक्यात उत्तर देता येत नसेल तर घाबरू नका. संशोधन प्रश्न सापडलाय, आता दप्तर कुठे मिळेल ते शोधायला लागा.