महामारीच्या काळातील बालकांची दंतधावनाची सवय : पालककथित सर्वेक्षणांची चिकित्सा

प्रस्तावना

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ला जागतिक महामारी म्हणून संबोधले आणि २५ मार्चपासून भारतात देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. शाळा व अंगणवाड्या बंद झाल्या. ऑगस्ट २०२० मध्ये याच संघटनेने, संसर्ग पसरलेल्या भागांत तातडीचे नसलेले दंतोपचार पुढे ढकलावेत, असा सल्ला दिला. दंतवैद्याकडे जाण्याची वाट अशी अडल्यावर मुलांच्या दातांची सारी भिस्त घरातील ब्रशवर आली. साहजिकच या काळात मुलांची दात घासण्याची सवय सुधारली की बिघडली, हा विषय अनेक देशांतील अभ्यासकांनी हाताळला. त्यांपैकी बऱ्याच सर्वेक्षणांत पालकांना मोबाइलवर प्रश्नावली पाठवून उत्तरे मिळविली गेली. या पद्धतीतून काय कळते व काय निसटते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

उत्तर कोणाचे, सवय कोणाची?

‘आपले मूल दिवसातून किती वेळा दात घासते?’ या प्रश्नाचे उत्तर पालक देतात. मुलाचे तोंड कोणी पाहत नाही. दोन वेळा दात घासावेत हे पालकास ठाऊक असते. त्यामुळे घडते ते सांगण्याऐवजी शोभेल ते सांगण्याकडे कल राहतो. शिवाय ‘किती वेळा’ हा प्रश्नच अपुरा आहे. पेस्टमध्ये फ्लोराइड आहे काय, रात्री झोपण्यापूर्वी दात घासले जातात काय, लहान मुलाच्या दातांवरून मोठ्या माणसाने ब्रश फिरविला काय, हे मुद्दे तितकेच निर्णायक आहेत. शाळेची वेळ ही घरातील सकाळचे वेळापत्रक ठरविते. ती वेळ नाहीशी होऊन उशिरा उठणे व अधूनमधून गोड खाणे वाढले, तरी प्रश्नावलीतील ‘दोन वेळा’ हे उत्तर तसेच राहू शकते. आकडा स्थिर राहतो, दाताची अवस्था मात्र बदलते.

प्रश्नावलीत न मावणारे घर

महाराष्ट्रातील घरांत ब्रशबरोबर बोट, राखुंडी, दंतमंजन, कडुनिंबाची वा बाभळीची काडी यांचाही वापर होत आला आहे. जेवणानंतर चूळ भरण्याचा संस्कारही जुना आहे. काही घरांत मोठी माणसे, विशेषतः स्त्रिया, भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावतात. टाळेबंदीत मूल दिवसभर याच घरात होते आणि मोठ्यांचे पाहून शिकत होते. म्हणून ‘पालक घरी असल्याने लक्ष वाढले’ असे अनुमान काढताना, ते सान्निध्य मुलाला कोणत्या सवयीकडे नेते, हेही विचारले पाहिजे. ब्रश आणि पेस्ट गृहीत धरणाऱ्या प्रश्नावलीत या घराला जागाच नसते.

प्रश्नावलीबाहेरची मुले

‘असर’ अहवालानुसार २०२० मध्ये ग्रामीण भारतातील शाळेत नाव दाखल असलेल्या ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी असली, तरी दर दहांपैकी जवळजवळ चार मुले अशा प्रश्नावलीच्या कक्षेबाहेरच राहतात. याउलट भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षे वयाच्या ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. रोग असा व्यापक आणि नमुना मात्र साधनसंपन्न घरांपुरता, ही विसंगती दुर्लक्षिता येत नाही. टाळेबंदीत घरोघरी जाणे अशक्य होते, ही अभ्यासकांची अडचण खरी आहे. परंतु अडचणीतून स्वीकारलेल्या मर्यादेचा निष्कर्षाच्या वेळी विसर पडता कामा नये.

स्कॉटलंडचा दाखला

स्कॉटलंडमध्ये ‘चाइल्डस्माइल’ उपक्रमांतर्गत बालवाड्यांतील मुले देखरेखीखाली फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासतात. तेथे शाळेच्या पहिल्या वर्गातील मुलांची दंततपासणीही होते. ठळक कीड नसलेल्या मुलांचे प्रमाण २००३ मधील ४५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ७३.५ टक्क्यांपर्यंत गेले. हे सारे श्रेय एकाच उपक्रमाला देता येणार नाही. तरीही दोन गोष्टी लक्षणीय ठरतात. मार्च २०२० मध्ये बालवाड्या बंद होताच तेथील दंतधावनही थांबले, आणि ते सार्वजनिक सेवेतील खंड म्हणून ओळखले गेले. दुसरे असे की, प्रत्यक्ष तपासणीमुळे गरीब व सुस्थित वस्त्यांतील मुलांमधील तफावत सरासरीखाली झाकली गेली नाही.

समारोप

दात घासणे ही केवळ घरची शिस्त मानली, तर किडलेल्या दाताचा दोष अखेर आईच्या माथी येतो आणि शाळा व शासन यांची जबाबदारी नजरेआड होते. महामारीने मात्र उलट धडा दिला. ही सवय घराबाहेरच्या व्यवस्थेवरही, शाळेच्या वेळेवर आणि दंतवैद्याच्या उपलब्धतेवर उभी असते. यापुढील अभ्यासांत पालकांच्या उत्तराला दंततपासणीची जोड द्यावी, स्थानिक साधनांची स्वतंत्र नोंद घ्यावी आणि फोन नसलेल्या घरांपर्यंत पोहोचावे. शाळेतील मध्यान्ह भोजनापूर्वी हात धुण्याचा पाठ दिला जातो. त्याच नळाजवळ ब्रशचाही पाठ देता येईल. अन्यथा पुढील संकटातही अभ्यासकांच्या हाती पालकांची उत्तरे येतील, मुलांच्या दातांची खरी स्थिती येणार नाही.